लिस्ट ते ग्राइफ्सवाल्ड, विमानाने पाऊण तास

उत्तर जर्मनीत फिरायला येणारी आपली माणसं हांबुर्गपर्यंत येतात, बंदर बघतात, बोटीतून एक फेरी मारतात आणि मागे फिरतात. त्याच्या वर अजून बराच देश शिल्लक असतो. तो बघायला कोणी जात नाही, आणि फेब्रुवारीत तर जाऊच नये. मी गेले, कारण मला पाठवलं गेलं.

२००६ साली मी झ्युल्ट नावाच्या बेटावर राहत होते. जर्मनी संपून डेन्मार्क सुरू होतो तिथे पश्चिमेच्या समुद्रात हे लांबट बेट आहे, आणि त्याच्या अगदी वरच्या टोकाला लिस्ट हे गाव. तिथल्या एका लहान संस्थेत समुद्रातल्या शेवाळावर माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. वाळूच्या टेकड्या, त्यांवर मेंढ्या, आणि कायम वारा. उन्हाळ्यात इथे श्रीमंत लोक येतात. हिवाळ्यात बेकरीसुद्धा दुपारी बंद होते. मला ते आवडायचं. फार बोलावं लागत नसे.

माझी मावसबहीण केतकीताई ग्राइफ्सवाल्डला होती. तेही समुद्राजवळच, पण पूर्वेच्या समुद्राच्या, जवळजवळ पोलंडपाशी. तिचे यजमान निखिलजिजू तिथे एका प्रयोगशाळेत संशोधक होते. तिला दिवस गेले तेव्हा सुधामावशीने पुण्याहून यायचं ठरवलं होतं, कारण पहिलं बाळंतपण माहेरचं. पण जिजूंचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं, त्यामुळे पाहुण्यांची हमी घेण्याचा कागद त्यांना मिळेना, आणि तो नसल्यामुळे मावशीचा व्हिसा अडकला. मग कोणाला तरी माझी आठवण झाली.

अनिकेतदादाने, म्हणजे केतकीताईच्या भावाने, इंटरनेटवर एक पान शोधून काढलं होतं. दोन गावांची नावं टाकायची, की नकाशावर एक सरळ रेघ उमटते आणि खाली अंतर येतं, विमानाला लागणारा वेळ येतो. मावशीने मला फोनवर ते वाचून दाखवलं. तीनशे चाळीस किलोमीटर. पाऊण तास.

"एवढं तर मला डेक्कनहून कोथरूडला जायला लागतं गं," मावशी म्हणाली.

मी सांगितलं की त्या दोन गावांमध्ये विमान जातच नाही. ग्राइफ्सवाल्डला तसा विमानतळच नाही. ते पान कुठल्याही दोन गावांमध्ये रेघ मारून देतं, बार्शी आणि बार्सिलोना टाकलं तरी देईल. मला बस, तीन गाड्या आणि एक लोकल बदलत जावं लागेल, सगळं नीट जमलं तर सकाळी निघून संध्याकाळ होईल.

"रेघ आहे तर विमान असेलच कधीतरी," मावशी म्हणाली. "तुझं आपलं पहिल्यापासून आधी नाही, मग बघू. निखिलना विचारलं मी. तेही म्हणाले, पाऊण तास."

जिजू पाच वर्षं या देशात होते. गाड्यांचं वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी ठरवलं होतं की तारखेच्या महिनाभर आधीच जाऊन राहायचं. जिजूंनी फोनवर समजुतीने सांगितलं की घर एका खोलीचं आहे, केतकीला झोप नीट लागत नाही, आत्तापासून येऊन काय करणार. आल्झो, वेळ आली की कळवतो. जर्मन बोलून बोलून आपल्या लोकांच्या तोंडी हा 'आल्झो' बसतो. 'तर' म्हणावं तसा तो येतो, आणि त्याच्यानंतर सहसा निर्णय झालेला असतो. केतकीताईने मागून फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "सई, त्या वेळी तू खोलीत असशील ना? मला इथलं कोणी नकोय." मी हो म्हटलं. मी फारशी कोणाला काही कबूल करत नाही, पण हे केलं.

पुण्याहून मावशीने डिंक, अळीव, बाळंतशेपा असं पार्सल माझ्याकडे पाठवलं. बाळंतशेपा म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं. "इंग्लिश मीडियमात शिकवत नाहीत वाटतं," मावशी म्हणाली. संस्थेच्या गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात मी लोण्याचं तूप कढवलं आणि फोन खांद्यावर धरून, मावशीच्या सूचना ऐकत डिंकाचे लाडू वळले. पहिल्या घाण्याला डिंक जळला. दुसरा जमला.

लिस्टहून निघताना

दोन आठवडे बाकी असताना एका पहाटे केतकीताईचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. जिजू आदल्या दिवशीच दक्षिणेत, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. "तो म्हणाला, सई आहेच," ती म्हणाली. मग तिला पुढचं बोलता आलं नाही.

पहिल्या बसमध्ये मी एकटीच होते. बाहेर टेकड्यांवरची वाळू रस्त्यावर आडवी धावत होती. ड्रायव्हरने माझी बॅग बघून विचारलं, सुट्टी का? मी म्हटलं, बहिणीचं बाळंतपण. कुठे? ग्राइफ्सवाल्ड. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि वेस्टरलांडला बस थांब्यावर न थांबवता स्टेशनच्या दारात नेऊन उभी केली. हिरवी मोठी माणसं तिथे वाऱ्याला टेकून उभी आहेत, हातात सूटकेस, मान वाकलेली. प्रवाशांचे पुतळे. उन्हाळ्यात लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात. त्या दिवशी मला ती बघवली नाहीत.

बेट आणि जमीन यांच्यामध्ये समुद्रातून एक बांध आहे, त्यावरून फक्त रेल्वे जाते. भरतीच्या वेळी दोन्ही बाजूंना पाणी असतं, ओहोटीला राखाडी चिखल, मैलभर, त्यावर पक्षी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा पाहावं, ओहोटीचंच पाहावं. समुद्र निघून गेल्यावर जमीन किती ओशाळलेली दिसते, ते तिथे कळतं.

बांधावरच मावशीचा पहिला फोन आला.

"विमानतळावर पोचलीस का?"

"मावशी, मी गाडीत आहे."

"विमानतळाच्या गाडीत ना?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. मागे टीव्ही चालू होता, कोणीतरी 'काय म्हणते' असं विचारत होतं, आणि मावशी त्यांना सांगत होती, निघालीये, निघालीये. म्हणजे पुण्यात मी निघाले होते आणि आता कोणत्याही क्षणी पोचणार होते.

निब्युलला गाडी थांबली. पुढे कुठेतरी रुळावर झाड पडलं होतं. डब्यात कोणी आवाज केला नाही. आपल्याकडे अशा वेळी निम्मा डबा खाली उतरून चौकशी करतो, चहा शोधतो, एकमेकांचं गाव विचारतो. इथे माणसं घड्याळात पाहतात, मग पुस्तकात. मीही एरवी तशीच. त्या दिवशी मला कोणीतरी ओरडावं असं वाटत होतं. केतकीताईला फोन लावला तर तो बंद होता. मावशीचा चालू होता. तो येतच होता.

हांबुर्ग ते रोस्टोक

हांबुर्गला माझी गाडी गेलेली होती. पुढची यायला वेळ होता. फलाटावर मी एक गरम ब्रेट्झेल, म्हणजे मीठ लावलेला पिळाचा पाव, घेतला आणि तसाच पिशवीत टाकला. तिकडे बहीण कळा देत असताना इकडे उभं राहून खाणं बरं दिसेना. कोणाला दिसणार होतं, हा प्रश्न वेगळा.

रोस्टोककडे जाणाऱ्या गाडीत समोर एक म्हातारी बाई येऊन बसली. नीट कापलेले पांढरे केस, मांडीवर कागदात गुंडाळलेला पाव, त्यात आंबवलेला हेरिंग मासा आणि कच्चा कांदा. वास डब्यात पसरला. माझ्या खोलीत जिऱ्याची फोडणी दिली की गेस्टहाउसमधले लोक खिडक्या उघडतात, हे मला आठवलं. इथे कोणी खिडकी उघडली नाही.

खिडकीतून शेतं दिसत होती. काळी, सपाट, मध्येच बर्फाचा पट्टा, मध्येच विटांचं चर्च. घरं जुनी आणि बरीचशी बंद. पूर्वी हा वेगळा देश होता, आणि तो गेल्यावर तरुण माणसं पश्चिमेला निघून गेली. मागे राहिलेले आमच्या डब्यात होते.

श्वेरिनच्या पुढे मावशीचा फोन आला. या वेळी तिने पोचलीस का विचारलं नाही.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. तिथल्या नर्सने फोन लावून दिला." मग, "तू कुठे आहेस?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. कोणालाच नसतं. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. ग्राइफ्सवाल्डची बातमी पुण्याला जाऊन माझ्यापर्यंत परत आली होती आणि मी अजून अर्ध्या वाटेवर होते.

समोरच्या बाईने विचारलं, वाईट बातमी का? मी म्हटलं नाही, भाची झाली. ती मनापासून हसली, तिने माझा हात दाबला, आणि आता काहीतरी द्यायला हवं असं मला वाटलं. आपल्याकडे मुलगी झाली की बर्फी वाटतात. माझ्याजवळ लाडू होते. डबा उघडून पुढे केला. तिने एक उचलला, उजेडात फिरवून पाहिला. वर चिकटलेला सुक्या खोबऱ्याचा कीस, खारकेचे तुकडे, डिंकाचे दाणे.

"किती छान," ती म्हणाली. "पक्ष्यांसाठी ना?"

इथे हिवाळ्यात लोक चरबी आणि बियांचे गोळे करून जाळीत घालतात आणि झाडाला टांगतात, थंडीत पाखरांना खायला. दिसायला तो गोळा हुबेहूब डिंकाचा लाडू. मी म्हटलं, नाही, बाळंतिणीसाठी. तिने शंकेने एक कण चावला, डोळे मोठे केले, आणि बाकीचा लाडू कागदात बांधून पर्समध्ये ठेवला. तिने तो खाल्ला की टांगला, मला कळणार नाही. त्या दिवशी हसू आलं ते तेवढंच, आणि तेही थोडंसंच.

ग्राइफ्सवाल्ड

दवाखान्यात पोचले तेव्हा अंधार पडून गेला होता. केतकीताईच्या खोलीची खिडकी उघडी होती. फेब्रुवारीत. टेबलावर रात्रीचं जेवण: काळा पाव, चीजचे दोन काप, काकडी, थंड पाणी. मावशीने हे पाहिलं असतं तर पुढच्या विमानाने आली असती, विमान असो वा नसो. केतकीताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुशीत मुलगी, लालसर, मुठी आवळलेली.

खुर्चीवर एक जाडजूड बाई बसली होती, बूट काढलेले, कोट मांडीवर. त्या फ्राउ लेमान, शेजारच्या घरातल्या. फोनवर मी त्यांच्याबद्दल बरंच ऐकलं होतं. जिन्यात फोडणीचा वास येतो म्हणून त्यांनी दारावर चिठ्ठी लावली होती, ती गोष्ट केतकीताई रागाने सांगायची. सकाळी त्यांनीच तिला भिंतीतून ओरडताना ऐकलं, स्वतःच्या गाडीतून आणलं, आणि दिवसभर खोलीत थांबल्या.

त्या मला बाहेर घेऊन आल्या. ती सारखं 'आई गं, आई गं' म्हणत होती, त्या म्हणाल्या, ते कोणाचं नाव आहे? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच. मी आपली हो, हो म्हणत राहिले." मग विचारलं, तू कुठून आलीस?

"झ्युल्टवरून. लिस्ट."

"आज? एका दिवसात?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरी, ही तर जगाची फेरी झाली."

तेवढं एक माणूस भेटलं, ज्याला अंतर कळलं.

मी आत गेले. केतकीताई वळली. तिने मला पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. "आलीस," ती म्हणाली. प्रश्न नव्हता, तक्रारही नव्हती. मी पिशवीतून लाडवाचा डबा काढून ठेवला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिजू आले. म्युनिकहून हांबुर्गपर्यंत विमानाने, पुढे गाडीने, हातात फुलं. मुलाखत चांगली झाली होती. मुलीला हातात घेताना ते खरोखर रडले, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. मग मला म्हणाले, "थँक्स हं सई. आल्झो, वेळ लागला तुला, पण ठीक आहे."

माझा चेहरा बोलला असावा, कारण त्यांनीच पुढे सांगितलं, "आईंना टेन्शन नको म्हणून मी पाऊण तास म्हणालो. आणि अंतर तर तेवढंच आहे ना."

तिसऱ्या दिवशी ताई घरी आली. मी आठवडाभर राहिले, स्वयंपाकघरात गादी टाकून. शेक-शेगडी शक्य नव्हती, म्हणून मी इस्त्रीने फडकी गरम करून शेकत होते. अळिवाची खीर केली, ती ताईने निमूट खाल्ली. तपासायला येणारी सुईण म्हणाली, बाळाला रोज थोडा वेळ बाल्कनीत ठेवा, गार हवा चांगली. मावशी फोनवर म्हणाली, दारं लावा, कान बांधा, वारा लागू देऊ नका. दोघींनाही मी हो म्हणत होते.

एका सकाळी मोकळा वेळ मिळाला तेव्हा नदीकाठाने तिच्या मुखाशी असलेल्या व्हीकपर्यंत चालत गेले. ज्या गावासाठी एवढी धावपळ केली ते पाहावं तरी. नदी काठाशी गोठलेली, टोकाला जुना लाकडी पूल, बोटी आल्या की मधून वर उचलला जाणारा. बोटीवरूनच एक माणूस हेरिंग विकत होता. पूल उघडलेला होता, पलीकडे जाता येत नव्हतं. एक खाजगी बोट अशी निवांत गेली की जणू सगळं जग तिच्यासाठीच उभं आहे. मी थोडा वेळ थांबले आणि मागे फिरले.

त्याच दुपारी ती गोष्ट झाली. मी केतकीताईचे कान बांधत होते. ती पलंगावर बसलेली, मी मागे उभी, सुती ओढणी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारायची. इतक्यात मावशीचा फोन आला. ताईने तो ओढणीच्या आत सरकवून कानाला लावला. मावशीचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. माझंच चाललं होतं. पोरीला एक काम सांगितलं होतं. पाऊण तासाचा रस्ता आणि हिला दिवस लागला. बिचारे निखिल तिच्या भरवशावर गेले.

माझी बोटं गाठीवर थांबली. केतकीताईला सगळं माहीत होतं. हांबुर्गला गाडी कशी चुकते ते तिला माहीत होतं. जिजूंनीच मला आधी येऊ दिलं नाही, तेही. मी वाट पाहिली.

"हो ना," ती म्हणाली. "उशीरच झाला तिला."

मी गाठ मारली. नीट बसली का ते पाहिलं. आत जाऊन खिरीचं भांडं घासलं.

थोड्या वेळाने तिने हाक मारली. मुलगी पाजून झोपली होती. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "समजून घे गं. खरं सांगितलं असतं तर आई त्याला आयुष्यभर बोलली असती."

"आणि मला?"

तिने मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"तुझं काय," ती म्हणाली. "तू लांब असतेस."

परत

निघताना फ्राउ लेमान जिन्यात भेटल्या. ताईने त्यांना आभार म्हणून अर्धे लाडू दिले होते. खाली उतरून वर पाहिलं तर त्यांच्या बाल्कनीत हिरव्या जाळीत तीन टांगलेले होते, आणि त्यांवर निळ्या डोक्याची दोन बारकी पाखरं लटकून चोची मारत होती. दुसऱ्या घाण्याचे होते. चांगले झाले होते.

परतीचा प्रवास वेळेवर झाला. सगळ्या गाड्या मिळाल्या, तरी दिवस गेलाच. बांधावर पोचले तेव्हा भरती होती. मावशीचा फोन आला नाही. पुण्यात मी केव्हाच पोचले असणार.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेल्यावर मी ते पान उघडलं. आधी कधी स्वतः पाहिलं नव्हतं. लिस्ट आणि ग्राइफ्सवाल्ड टाकलं. रेघ बेटावरून निघाली, थोडी जमीन ओलांडली, पूर्वेच्या समुद्रात शिरली आणि पाण्यावरून सरळ तिकडे गेली. हांबुर्ग तिच्या वाटेवर नव्हतंच. तीनशे चाळीस किलोमीटर, पाऊण तास.

मग नावं उलटी टाकली. ग्राइफ्सवाल्ड ते लिस्ट. तिकडून इकडे काही वेगळं दाखवतं का ते मला बघायचं होतं.

तेवढंच दाखवलं.